प्लिमथचा मका, मोलगीची नवाई

नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर एक बाक आहे. अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. बाहेरगावची माणसं त्यावर दोन्हीकडे पाय टाकून फोटो काढून घेतात. नवापूरकर नुसते बसतात आणि गाडीची वाट बघतात. पण या तालुक्यात निदान तीन-चारशे माणसं अशी निघतील, की तो बाक दिसला की त्यांना पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड आठवतं. त्यात एसटीचा एक कंडक्टर आहे, दोन ग्रामसेवक आहेत, एक पोलीस पाटील आहे आणि अंगणवाडीच्या बायका तर मोजायलाच नकोत. ही सगळी करणी सुसानाबाई गावितांची.

सुसानाबाईंनी एकतीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. रुजू झाल्या तेव्हा त्या सर्वांत नव्या होत्या, आणि नव्या माणसाच्या पानात जे कोणालाच नको ते वाढलं जातं. त्यांच्या पानात पडला 'अमेरिकेचा आरंभीचा इतिहास'. बाईंनी तोवर सुरतेच्या पलीकडचं जग पाहिलेलं नव्हतं. ग्रंथालयात या विषयाचं एकच पुस्तक होतं आणि त्याची मधली चाळीस पानं वाळवीनं आधीच अभ्यासली होती. वर्गात समोर डोंगरातली मुलं. घरी मावची नाही तर कोकणी अशा आदिवासी बोली बोलणारी, कॉलेजात येऊन मराठी बोलायला लागली की अंग चोरून बसणारी. त्यांना तेरा वसाहती पाठ करायला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मग बाईंनी स्वतःची एक रीत काढली. त्या म्हणायच्या, "सनावळ्या मागून येतील. आधी माणूस कुठं उभा होता ते बघा." आणि वर्ग उठवून बाहेर न्यायच्या. रंगावली नदीचा काठ म्हणजे जेम्सटाउन. तिथल्या चिखलात सगळ्यांना उभं करायचं आणि विचारायचं, "सांगा, इथं गाव वसवाल?" डोंगरातली पोरं एका आवाजात म्हणायची, "नाही मॅडम. इथं डास आहेत, पाणी वाईट आहे." "मग इंग्रजांनी का वसवलं?" यावर कोणीतरी म्हणायचं, "त्यांनी गावदेवाला विचारलं नसेल." सगळे हसायचे, बाईही हसायच्या, आणि जेम्सटाउनची ती पहिली भयंकर वर्षं परीक्षेत कोणी विसरायचं नाही.

स्टेशनावरचा बाक दाखवून त्या पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडच्या दोन जमीनदार घराण्यांचं बांधावरून ऐंशी वर्षं चाललेलं भांडण सांगायच्या. शेवटी दोन मोजणीदार कसे इंग्लंडहून आले, त्यांनी दगड रोवत रोवत हद्द कशी आखली, हे ऐकताना मुलांचे डोळे चमकायचे. बांधाचं भांडण म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

शिवाय प्रत्येकाला एक माणूस मिळायचा. चिठ्ठी उचलायची आणि वर्षभर त्या माणसाचं होऊन बोलायचं. कोणी छापखानेवाला, कोणी चांभार, कोणी जहाजातून विकायला आणलेली गुलाम बाई, कोणी सात वर्षांच्या कबुलीवर राबायला आलेला नोकर. राजे आणि सेनापती चिठ्ठ्यांत नसायचेच. जालमसिंग नावाच्या सहा फुटी, मिशाळ पोराला 'सुईण' आली होती. वर्गानं त्याला वर्षभर सळो की पळो करून सोडलं, पण पठ्ठ्यानं तोंडी परीक्षेत दोनशे वर्षांपूर्वीचं एक बाळंतपण असं काही सांगितलं, की बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पदर डोळ्यांना लावला. तोच जालमसिंग आज एसटीत कंडक्टर आहे. बाई गाडीत चढल्या की अजून उठून म्हणतो, "मॅडम, मी सुईण. खिडकीजवळ बसा."

नकाशा मात्र विकत मिळेना, आणि अमेरिकेतल्या संग्रहालयाला सात पत्रं धाडूनही आला नाही. तो अजीजभाई पेंटरनं रंगवला, एका जुन्या ताडपत्रीवर. तेरा वसाहतींना तेरा रंग हवे होते. अकराव्यावर अजीजभाईंचे रंग संपले. तेव्हा सोसायटीच्या पाटीसाठी आणलेल्या हिरव्या रंगात त्यांनी उरलेल्या दोन्ही वसाहती उरकल्या. ताडपत्री नसेल तेव्हा बाई नदीतले गोटे मांडून किनारा करायच्या, आणि काही मुलांचं तर म्हणणं होतं की गोट्यांचा नकाशा ताडपत्रीपेक्षा जास्त समजतो.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली. बाईंना ते दिवस आठवले की अजून गलबलतं. संध्याकाळी पॅसेंजरच्या वेळेला त्या स्टेशनावर जातात, त्याच बाकावर महाराष्ट्राच्या बाजूला बसतात. अजीजभाई गुजरातेच्या बाजूला. दोघांचे केस पांढरे. चहा येतो. शाळेतून, बाजारातून परतणारी कोणी ना कोणी माजी विद्यार्थिनी थांबून नमस्कार करते. असे दिवस चाललेले असतात.

पण या सगळ्या आठवणींत एक जागा रिकामी होती. तिथं बाई मनानं गेल्या की लगेच परत फिरायच्या.

चोवीस वर्षांपूर्वी वर्गात रेंग्या पाडवी होता. मोलगीच्याही वरच्या पाड्यावरचा. उंचीनं कमी, शेवटच्या बाकावर बसणारा, हात वर करून कधीच न बोलणारा. त्याचा बाप पाड्यावरचा पुजारा. म्हणजे गावच्या देवाचं, पिकाचं, पूर्वजांचं जे काही करायचं ते करणारा. रेंग्याला चिठ्ठी आली होती 'प्लिमथच्या किनाऱ्यावरचा, मक्याच्या गावातला माणूस'. नाव नसलेला. वाळवीनं खाल्लेल्या पुस्तकात त्या माणसांची नावंच फारशी नव्हती.

सहामाही परीक्षेत प्रश्न होता प्लिमथ या इंग्रज वसाहतीच्या पहिल्या वर्षाचा. सोळा गुणांचा. रेंग्यानं लिहिलं होतं: 'इंग्रज किनाऱ्यावर उतरले तेव्हा त्यांना वाळूत पुरलेल्या टोपल्या सापडल्या. त्यात मका होता. तो त्यांनी नेला. पण तो बियाण्याचा मका होता. बियाणं उपाशी माणूस पण खात नाही. ज्यांचा मका होता ते लोक नवाई करणारे होते. नवाई झाल्याशिवाय ते नवं कणीस तोडत नाहीत. म्हणून त्यांच्याकडे बियाणं उरत होतं. हे त्यांनी इंग्रजांना शिकवलं आणि इंग्रज वाचले.'

नवाई म्हणजे काय हे सुसानाबाईंना कोणी सांगायला नको होतं. नवं पीक आलं की ते आधी देवाला आणि मेलेल्या वाडवडिलांना द्यायचं, मग माणसांनी खायचं. तोवर कणीस कितीही भरलं तरी हात लावायचा नाही. बाईंच्या घरी त्यांचे वडील ख्रिस्ती झाले होते. त्यांची थोरली बहीण, बाईंची आत्या कमलीबाई, झाली नव्हती. बाई सात वर्षांच्या असताना वडिलांनी एक दिवस अंगणात मक्याचं कोवळं कणीस भाजलं, नवाई व्हायच्या आधीच, आणि पोरांच्या हातात दिलं. "आता आपल्याला हे पाळायचं कारण नाही," म्हणाले. कमलीबाई ओट्यावर होती. ती उठली, चपला घातल्या आणि गेली, ती दोन वर्षं त्या अंगणात आली नाही. कणीस गोड होतं आणि खाताना बाईंना भीती वाटत होती. पुढं मिशनच्या शाळेत नवाईवाल्या पोरांची चेष्टा व्हायची, तेव्हा बाई चेष्टा करणाऱ्यांत उभ्या राहायच्या. तिकडं उभं राहणं सोपं होतं.

रेंग्याचं उत्तर वाचलं तेव्हा बाईंना आधी हसू आलं. मग कुठून तरी राग आला. त्यांनी लाल शाईनं उभी रेघ मारली, समासात लिहिलं, 'हा इतिहास नाही', आणि शून्य दिलं. तेही एक वेळ चाललं असतं. पण पेपर दाखवायच्या तासाला बाईंनी ते उत्तर वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. नाव घेतलं नाही, पण अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं होतं. "आता हे ऐका. प्लिमथमध्ये नवाई!" वर्ग खो खो हसला. रेंग्याही थोडा हसला, शेवटच्या बाकावर, खाली मान घालून. ते हसू बाईंनी पाहिलं होतं.

त्या पेपरात रेंग्या नापास झाला. वसतिगृहाचा नियम असा, की नापास झालेल्याची जागा जाते. पुढच्या सोमवारी त्याची पत्र्याची पेटी गेली, तोही गेला. बाईंनी मोलगीच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकलं. उत्तर आलं नाही आणि बाईंनी दुसरं टाकलं नाही.

यंदा पावसाळा सरत आला तेव्हा भाविका भेटायला आली. भाविका बाईंची बरीच पुढची विद्यार्थिनी. आता लोणखेड्याला कॉलेजात शिकवते. या उन्हाळ्यात तिची इतिहासाच्या शिक्षकांच्या एका शिबिरासाठी निवड झाली होती, थेट अमेरिकेत. तीन आठवडे जुन्या वस्त्या हिंडायच्या, घरं बघायची, तिथल्या साध्या माणसांच्या नोंदी वाचायच्या. म्हणजे बाई एकतीस वर्षं रंगावलीच्या काठी जे करत होत्या तेच, फक्त खऱ्या जागी.

भाविकानं फोनवर फोटो दाखवले. इंग्रज ज्यावर पहिल्यांदा उतरले म्हणतात तो प्लिमथचा खडक बघून बाई म्हणाल्या, "एवढाच?" भाविका म्हणाली, "एवढाच मॅडम. आम्ही सगळे हेच म्हणालो." जेम्सटाउनची नदी रंगावलीपेक्षा फारच मोठी निघाली. बाई जरा ओशाळल्या. "मग आम्ही तुम्हाला फसवलंच की गं," म्हणाल्या. भाविका म्हणाली, "नाही मॅडम. चिखल तसाच होता."

मग ती सहज सांगायला लागली. समुद्राकाठच्या एका टेकडीवर त्यांना नेलं होतं. तिथंच त्या पुरलेल्या मक्याच्या टोपल्या सापडल्या होत्या. माहिती द्यायला त्या मूळ लोकांतलीच एक बाई होती, पन्नाशीची, हातात कणीस घेऊन उभी. "ती म्हणाली, आमच्यात हिरव्या मक्याचा सण असतो. आधी आभार मानायचे, मग खायचं. त्याआधी घरातलं लहान मूलसुद्धा कणीस तोडत नाही. मॅडम, मला एकदम आपली नवाईच आठवली. मी तिला सांगितलंसुद्धा, तर तिनं माझा हात धरला आणि..."

बाईंनी पुढचं ऐकलं नाही. हातातला भरलेला कप त्यांनी तसाच खाली ठेवला. भाविका घाबरली. बाई म्हणाल्या, "काही नाही गं. तुझ्या कॉलेजात मोलगीकडची मुलं आहेत का?"

होती. दोनच दिवसांत भाविकाचा फोन आला. रेंग्या पाडवी आहे, पाड्यावरच आहे, शेती करतो, आंब्याच्या दिवसांत आमचूर विकतो. बाप गेल्यापासून तोच पुजारा आहे. "आणि मॅडम, गावात त्याला 'बीए' म्हणतात. रेंग्या बीए." भाविकाला हे गमतीचं वाटलं होतं.

संध्याकाळी बाकावर बाईंनी अजीजभाईंना सगळं सांगितलं. अजीजभाईंचा या प्रकरणातला अधिकार म्हणजे दोन हिरव्या वसाहती. त्यांनी चहा संपवला, मिशी पुसली आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "बाई, तुम्ही अमेरिकाना संग्रहालयले सात कागद धाडात. मोलगी काय समुद्रना पल्याड शे का? तथी जीप जास."

"पत्र लिहावं म्हणते आधी."

"कागद काय बोली ऱ्हायना? जे बोलानं शे ते जाईसन बोला." मग म्हणाले, "ताडपत्री लई जातात का? मन्हा जवळ शे अजून."

ताडपत्री बाईंनी नेली नाही. तेवढं ओझं झेपण्याचं वय राहिलं नव्हतं. पण रंगावलीच्या पात्रात उतरून त्यांनी पिशवीभर गोटे मात्र वेचले. का वेचले हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. त्यांच्याजवळ नेण्यासारखं दुसरं काही नव्हतं. तो पेपर केव्हाच रद्दीत गेला होता.

अक्कलकुव्यापर्यंत एसटी आणि पुढं मोलगीला जीप. जीपमध्ये आत चौदा आणि टपावर किती ते देवाला माहीत. घाटात वळणावर वळणं, खाली हिरव्या दऱ्या, उतारावर मका आणि मोर नावाचं भरडधान्य पिवळं पडायला लागलेलं. बाईंना आपलं लहानपणचं शिवार आठवत होतं आणि कमलीबाईच्या चपला आठवत होत्या. मोलगीचा बाजार भरलेला होता. त्यांनी एका भाजीवालीला विचारलं, "रेंग्या पाडवी कुठं भेटतील?" ती म्हणाली, "कोणता? बीए?" आणि बोट दाखवलं.

तो लोखंडाच्या दुकानासमोर विळ्यांची धार बघत उभा होता. केस कानांजवळ पांढरे झालेले. बाईंनी हाक मारली. त्यानं वळून पाहिलं आणि लगेच ओळखलं. पायांना हात लावला. "मॅडम, तुम्ही इकडं कशा?" मराठी अजून तशीच, वर्गातली, जपून वापरलेली.

बाईंनी सारा रस्ता वाक्यं जुळवली होती. एकही कामाला आलं नाही. दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी सरळ सांगून टाकलं. भाविका, टेकडी, हातात कणीस धरलेली बाई, हिरव्या मक्याचा सण. "तुझ्या उत्तरातली दोन वाक्यं मी आजही खोडीन, रेंग्या. त्याला पुरावा लागतो. पण शून्य द्यायचं काही कारण नव्हतं. तुला ते दिसलं होतं. मला ते दिसायला हवं होतं आणि मी बघितलं नाही. मी लाजले म्हणून तुला हसले."

रेंग्या ऐकत होता. विळ्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत होता. बाईंना वाटलं, आता तो म्हणेल, जाऊ द्या मॅडम, जुनी गोष्ट आहे. त्यांना ते ऐकायचं होतं. त्याचसाठी त्या एवढ्या लांब आल्या होत्या, असं म्हटलं तरी चालेल.

रेंग्या म्हणाला, "माझं बरोबर आहे, हे मला तेव्हाच माहीत होतं मॅडम."

त्यानं विळा पायरीवर ठेवला. मग म्हणाला, "शून्याचं मला काही नाही वाटलं. नापास तर पुष्कळ होतात. पण घरी आलो ती नवाईचीच वेळ होती. बाप पूजा करत होता आणि मला तुमच्या वर्गाचं हसणं ऐकू येत होतं. दोन-तीन वर्षं ऐकू येत होतं. बापाला मी कधी सांगितलं नाही."

बाजार चाललाच होता. कोणीतरी कोंबडी घेऊन गेलं, कोणीतरी रेंग्याला 'ओ बीए' म्हणून हाक मारून गेलं.

"मी माफी मागायला आले," बाई म्हणाल्या.

"ती इथं नाही चालणार मॅडम." तो रागावलेला नव्हता, पण चेहऱ्यावर हसूही नव्हतं. "आमच्याकडं रीत आहे. गुन्हा घरात झाला तर घरात मिटवायचा. चारचौघांत झाला तर पंचांसमोर, चारचौघांतच. तुम्ही मला वर्गासमोर हसलात. दुकानाच्या पायरीवर कसं फिटेल?"

"वर्ग आता कुठून आणू?"

"वर्ग नाही. गाव आहे. उद्या नवाई आहे आमची. याल?"

बाई त्या दिवशी त्याच्या घरी राहिल्या. दारासमोर उतरणीवर मका उभा होता, कणसं भरून वाकलेली. रेंग्याच्या बायकोनं भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. रेंग्या म्हणाला, "पाहुण्याला कणीस भाजून द्यायला हवं. पण आज देता येत नाही." बाई म्हणाल्या, "माहीत आहे." वडिलांनी दिलेल्या त्या कणसानंतरच्या पंचावन्न वर्षांत नवाईसाठी थांबण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाडा गोळा झाला. रेंग्यानं नवी कणसं सागाच्या पानावर मांडली, देवाचं नाव घेतलं, मग एकेका पूर्वजाचं नाव घेत मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडली. बापाचं नाव घेताना तो थोडा थांबला. पूजा झाली, पण कणसं विस्तवावर घालण्याआधी त्यानं हात वर केला आणि आपल्या बोलीत सांगितलं, की ह्या माझ्या बाई आहेत, ह्यांना पंचांसमोर बोलायचं आहे.

साठ-सत्तर माणसं वळून बघायला लागली. एकतीस वर्षं वर्गासमोर बोललेल्या बाई पदर सावरून पुढं आल्या. त्यांनी सुरुवात मराठीत केली. मग लक्षात आलं की पुढच्या बायकांना काही कळत नाहीये. तेव्हा त्यांनी आपली घरची मावची धरली, जी त्या चारचौघांत कधी बोलल्या नव्हत्या. इथली बोली आणि मावची सख्ख्या नाहीत, पण चुलत आहेत. काही शब्द लोकांना पोचत होते, काही रेंग्या पोचवत होता. बाईंनी सांगितलं, की हा माझ्या वर्गात होता, यानं नवाईबद्दल खरं लिहिलं होतं, मी ते वाचून दाखवून सगळ्या वर्गाला याच्यावर हसवलं, आणि मी लिहिलं की हा इतिहास नाही. ते माझं चुकलं.

पंचांत एक म्हातारी होती, धनुबाई. तिनं विचारलं, "काय लिहिलं होतं यानं?"

बाई म्हणाल्या, "दाखवते." त्यांनी पिशवी उपडी केली आणि खाली बसल्या. गुडघे दुखत होते. गोटे मांडत मांडत त्यांनी समुद्राचा किनारा केला, आत शिरलेली खाडी केली, काठावर एक टेकडी केली. इथं जहाज आलं, त्या म्हणाल्या. थंडी होती. माणसं शंभराच्या वर होती आणि तो हिवाळा संपेपर्यंत त्यातली निम्मी मेली. पोरं पुढं सरकली. बायका उभ्या होत्या त्या उकिडव्या बसल्या. बाईंना आपला आवाज परत सापडला. मग त्या टेकडीजवळ आल्या, आणि थांबल्या, आणि रेंग्याकडे बघितलं.

रेंग्या पुढं आला. टेकडीच्या गोट्यापाशी त्यानं बोटानं मातीत खड्डा केला. एका कणसाचे चार दाणे सोडवून आत टाकले आणि वरून माती लोटली. मग बोलायला लागला. चोवीस वर्षांपूर्वीचं उत्तर त्याला शब्दन्‌शब्द पाठ होतं. वर्गात कधी हात वर न केलेला माणूस भर गावात आपला पेपर बोलून दाखवत होता, त्याच्या स्वतःच्या भाषेत, आणि कोणी हसलं नाही. बियाणं उपाशी माणूस पण खात नाही, या वाक्याला म्हाताऱ्यांनी माना हलवल्या.

तो थांबला तेव्हा बाईंचे डोळे वाहत होते. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

धनुबाईनं बराच वेळ गोट्यांकडे बघितलं. मग काठीनं त्या किनाऱ्यावर टकटक करून काहीतरी विचारलं. रेंग्यानं बाईंना सांगितलं, "ती विचारते, त्या मक्याच्या लोकांचं पुढं काय झालं?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न पेपरात कधी आला नव्हता. पेपर पुढं जहाजवाल्यांबरोबर जात असे. बाईंनी खरं ते सांगितलं. रोगराईत पुष्कळ मेले. मग लढाई झाली. जमीन गेली. ज्यांना मका लावायला शिकवला त्यांनीच घेतली. जमीन गेल्याच्या गोष्टी इथल्या माणसांना नव्या नव्हत्या.

धनुबाईनं पुन्हा विचारलं, "आता त्यातलं कोणी नवाई करतं का?"

"करतात," बाई म्हणाल्या. "माझी विद्यार्थिनी स्वतः भेटून आली त्यांना."

"मग आहेत की ते," धनुबाई म्हणाली, आणि काठीवर भार देऊन उठली. पंचांचा निवाडा तेवढाच झाला. दंड वगैरे कोणी काही बोललं नाही.

रेंग्यानं कणसं निखाऱ्यावर घातली. पहिलं भाजून झालं ते धनुबाईला दिलं. दुसरं त्यानं हातावर झटकलं, वरची राख फुंकली आणि सुसानाबाईंपुढं धरलं.

"घ्या मॅडम," तो म्हणाला. "आता खाता येतं."

बाईंनी कणीस दोन्ही हातांनी घेतलं. ते लहानपणच्या कणसाइतकंच गोड होतं, आणि या वेळी भीती वाटत नव्हती.